सर्व विभागांचे चेनकाका

कॉलेजच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समाज सुरू होतो, असं आमच्या समाजशास्त्राच्या बाई दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. खोटं नव्हतं ते. फक्त फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आधी चेनकाका लागायचे, आणि बहुतेक मुलांचा समाज तिथेच आटोपायचा.

मी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर होते. पुस्तकांची देव फारशी होत नसे आणि घेव त्याहून कमी, म्हणून तपासून झालेल्या असाइनमेंट ठेवायचं लोखंडी कपाट माझ्याच गळ्यात मारलं होतं. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात प्रत्येक विषयाचं एक लेखी काम करायचं, त्याला प्लास्टिकचं कव्हर चढवायचं, पहिल्या पानावर लाल शाईची सही घ्यायची, की ते माझ्या कपाटात. पुढेमागे तपासणी समिती येऊन ते बघणार असायची. समिती यायची, कपाट बघायची, ‘कपाट छान आहे’ म्हणायची आणि चहा पिऊन जायची. आतला मजकूर वाचणारी त्या अख्ख्या इमारतीत मी एकटी. त्यात ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. दुपार खायला उठायची, एवढंच.

फाटकासमोर एका बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर चेनकाकांचं बस्तान होतं. एक शिलाई मशीन, हत्यारांचा पत्र्याचा डबा, आणि मागच्या शटरला आकड्यांनी लटकवलेल्या बॅगा. बॅगांच्या चेन, पट्टे, हुक असली कामं. चेन अडकली की ते तिच्यावर सरकणारा रनर काढायचे, पक्कडीने हळूच दाबायचे, दात्यांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवायचे आणि सर्रकन ओढून दाखवायचे, जणू त्यातून आता कबूतर उडणार आहे. हात चांगला होता. तोंड त्याहून चांगलं चालायचं. काम कधी मिळेल असं विचारलं तर ‘उद्या’ म्हणायचे, आणि तो उद्या कुणाला बांधील नसायचा.

घरी दोघंच. काकू एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर होत्या. दिवसभर लोकांना नाव, वय आणि काय होतंय एवढं विचारायच्या, तीन ओळी लिहायच्या आणि माणूस आत सोडायच्या. त्यामुळे पाल्हाळाची त्यांना ॲलर्जी होती, आणि लग्न कुणाशी झालं होतं तर चेनकाकांशी. मुलगी एकच. लग्न होऊन बसने दोनेक तासांवरच्या गावात राहायची, कुरियरच्या ऑफिसात नोकरी करायची आणि दर रविवारी सकाळी न चुकता फोन करायची. जावई गरीब स्वभावाचा. भांडणतंटा नाही, दुखणंखुपणं नाही. शास्त्रीय दृष्टीने बघितलं तर अगदीच टाकाऊ कुटुंब.

त्या वर्षी समाजशास्त्राच्या बाईंनी फतवा काढला. पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही. प्रत्यक्ष माणसाला भेटा, मुलाखत घ्या, वीस पानं लिहा. उतरवण्यात हयात गेलेल्या मुलांवर आभाळच कोसळलं. जिवंत माणूस आणायचा कुठून? एका मुलीच्या बॅगेचा पट्टा नेमका त्याच दिवशी तुटला. चेनकाका पट्टा शिवत होते आणि ती नुसतीच उभी होती, तेव्हा तिने कागद काढला.

“काका, तुमच्या समस्या काय आहेत?”

“कसल्या?”

“सामाजिक.”

काकांनी सुई हवेत धरून प्रामाणिकपणे विचार केला. “तशा काही नाहीत बघ. पाठ दुखते अधूनमधून.”

“घरात काही ताणतणाव?”

“ही बोलते फार. पण बरोबरच बोलते.”

“तुमचा व्यवसाय धोक्यात आलाय असं वाटतं?”

“बॅगा तुटतायत की अजून.”

मुलीने मोठं अक्षर काढून, दोन ओळींत भरपूर जागा सोडून कशीबशी वीस पानं केली. बाईंनी लाल अक्षरात विचारलं, ‘यात समस्या कुठे आहे? पुन्हा करा.’ मुलगी रडवेली होऊन परत पायरीपाशी आली. चेनकाकांचं एक होतं, समोर कुणी रडलं की ते विरघळायचे.

“बरं, रडू नकोस. कसली समस्या चालेल तुमच्या बाईंना?”

“एकत्र कुटुंब मोडल्याची असली तर बरं. सिलॅबसमध्ये आहे.”

मग ज्यांच्या घरात जन्मापासून कधी पाचवं ताट मांडलं गेलं नव्हतं, त्या चेनकाकांनी एक भरलं घर उभं केलं आणि त्याच दुपारी मोडलं. भाऊ आणले, भावजया आणल्या, स्वयंपाकघराच्या वाटणीवरून जुंपवून दिली. एका चुलत्याला रागाने घर सोडायला लावलं आणि पुन्हा त्याचा पत्ता लागू दिला नाही. मुलीची पानं कमी पडली, पुरवणी जोडावी लागली. बाईंनी ‘उत्कृष्ट क्षेत्रकार्य’ असा शेरा मारून वर्गात ते वाचून दाखवलं.

वर्गात वाचून दाखवलं म्हणजे गावभर झालं. पुढच्या आठवड्यापासून पायरीपाशी रांग लागली, आणि तीही नुसती समाजशास्त्राची नव्हे.

मी हे सगळं कपाटातून बघत होते. इतिहासाच्या मौखिक परंपरेत काकांनी एका महापुराचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन दिलं होतं. तो पूर त्यांच्या जन्माआधी येऊन ओसरला होता. अर्थशास्त्रात ते असंघटित क्षेत्राचे बळी होते. राज्यशास्त्रात एका मुलाला ते निराश मतदार म्हणून भेटले, दुसऱ्याला जागरूक मतदार म्हणून, आणि तिसऱ्यासाठी त्यांनी मतदानच केलं नव्हतं. तिघांनाही चांगले गुण पडले. तत्त्वज्ञानाच्या एका मुलाने जगण्याचा अर्थ विचारला, त्याला त्यांनी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा ये असं सांगितलं. साहित्याच्या मुलीने ‘त्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांत काळाने आपली गाथा कोरली होती’ असं लिहिलं. प्रत्यक्षात काकांचं तोंड घोटलेल्या कागदासारखं गुळगुळीत होतं. सुरकुत्या होत्या त्या शर्टाला. आणि शेवटचं पान सगळ्यांचं सारखंच असायचं: ‘समाजाने या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्याची नितांत गरज आहे.’ समाज बिचारा समोरच्या पायरीवर बसून दोऱ्याला मेण लावत असायचा.

एकदा मी पर्सची चेन घेऊन गेले आणि सहज विचारलं, “काका, तुमचा एकुलता एक मुलगा परदेशी जाऊन तिकडचाच झाला म्हणे?”

“कुठल्या विषयात?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“शिक्षणशास्त्रात.”

“हां. त्यात गेला तो.”

“पण मुळात तो आहे का?”

“मॅडम, सगळ्या बॅगांना एकच रनर बसतो का? माप बघून द्यावा लागतो. ती पोरं काय विचारतात ते ऐका की जरा. त्यांना काय हवंय ते त्यांच्या प्रश्नातच असतं. मी फक्त शेवटची टीप घालतो.”

टीप घालता घालता काका बदलले. रोज इस्त्रीचा शर्ट आला, म्हणजे साहित्यवाल्यांचा उरलासुरला आधारही गेला. कुणी मुलगा नुसती बॅग घेऊन आला की त्याच्याकडे ते किंचित खालच्या नजरेने बघायचे. “दुरुस्तीच का फक्त? ठेव तिथे.” आणि हातात कागद असला की, “ये, बस. कुठला विभाग?” शटरवर बॅगांचा असा ढीग साठला की खालून आकडे दिसेनात. तासाला दोन विभाग व्हायला लागले. इतके तास तर आमचे प्राध्यापकही घेत नव्हते.

काकूंना यातलं काहीच कौतुक नव्हतं. दवाखान्यातून सुटल्या की त्या पायरीवर येऊन बसायच्या, त्याच वेळी मीही निघायचे, त्यामुळे आमची गट्टी जमली होती. “दवाखान्यात माणूस शेवटच्या घटकेला टेकलेला असतो, तरी तीन ओळींत सांगतो काय होतंय ते,” त्या नवऱ्याकडे बघत म्हणायच्या. “आणि यांना काही एक होत नसताना वीस पानं लागतात.”

“अगं, पोरांचं भलं होतंय.”

“हो ना. तुमच्या त्या पळून गेलेल्या चुलत्याचंही होऊ दे.”

हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं होतं. मग मानसशास्त्राची चष्मेवाली आली.

चष्मेवाली म्हणजे त्या विभागाची सगळ्यात मन लावून अभ्यास करणारी मुलगी. तिला विषय मिळाला होता ‘उतारवयातील एकाकीपणा’. बाकीची मुलं एकदा यायची आणि काम उरकायची, ही सलग कितीतरी दुपारी आली. छापलेली प्रश्नावली घेऊन, गुडघ्यावर फाइल ठेवून, काकांच्या डोळ्यांत बघत विचारायची. इतकं लक्ष देऊन कुणी ऐकायला लागलं की चेनकाकांसारख्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. एकत्र कुटुंब या विषयाला लागत नव्हतं, मुलगा परदेशी गेलेला होताच पण तो दुसऱ्या विभागाचा. हाताशी खरीखुरी अशी एकच गोष्ट होती, मुलगी. काकांनी ती वापरली.

मुलगी लग्नानंतर फिरकत नाही. सणासमारंभाला जावयाच्या घरची माणसं गोळा होतात, पण आम्हाला कुणी विचारत नाही. आजारी पडलो तर कळवायचं कुणाला? शेवटी ते म्हणाले, “फोन वाजला की वाटतं, तिचाच. उचलावा तर राँग नंबर.” आणि त्यांनी डोळे पुसले. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. शेजारी बॅग न्यायला थांबलेल्या मुलानेही आपली बॅग न मागता काढता पाय घेतला.

त्या असाइनमेंटला विभागाच्या इतिहासातले सर्वाधिक गुण मिळाले. विभागप्रमुखांनी ती कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायला दिली. लेखाच्या सुरुवातीला तिरप्या अक्षरांत सूचना होती: ‘उत्तरदात्याचे नाव गोपनीयतेच्या कारणास्तव दिलेले नाही.’ सूचनेखाली अर्ध्या पानाचा फोटो होता. त्यात चेनकाका मशीनवर हात ठेवून हसत होते आणि मागची ‘चेन व पट्टे दुरुस्त करून मिळतील’ ही पाटी स्पष्ट वाचता येत होती.

काका अंक छातीशी धरून घरी गेले. काकूंनी उभ्याउभ्या लेख वाचला, मिटला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“हे तिच्या हाती लागलं तर?”

“कॉलेजचा अंक कोण वाचतंय?” काका म्हणाले.

त्यांचा अंदाज तसा बरोबर होता. तो अंक ज्यांचे लेख त्यात असायचे तेही वाचत नसत, फक्त आपलं पान उघडून बघत. घोळ झाला तो तिथेच. जावयाची भाची आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. लांब उडीचं बक्षीस घेताना तिचा फोटो छापून आला होता, तो नेमका काकांच्या समोरच्या पानावर. तिने आजोळी, म्हणजे जावयाच्या घरी, जाऊन अंक उघडून मधल्या टेबलावर ठेवला. सगळ्यांनी आधी भाचीचं कौतुक केलं. मग कुणीतरी समोरच्या पानाकडे बघत काकांच्या मुलीला विचारलं, “अगं, हे तुझे बाबा ना?”

त्या रविवारी फोन आला नाही.

काकांनी आधी फोन हातात घेऊन बघितला, मग बंद करून चालू केला, मग शेजाऱ्यांना सांगून त्यावर एकदा फोन करायला लावला.

“चालू आहे हो तो,” काकू आतून म्हणाल्या. “तुमचं वाक्य अगदी अक्षरशः खरं व्हायला आता एक राँग नंबर तेवढा यायचा राहिलाय.”

पुढच्या रविवारीही तेच. काकू आपल्या फोनवरून तिच्याशी बोलल्या, थोडक्यात, आत जाऊन. बाहेर आल्या तेव्हा काका दारातच उभे होते. “बरी आहे,” काकूंनी सांगितलं. “तुमच्याबद्दल काही बोलली नाही.”

सोमवारी काका फाटकाच्या आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आख्खं कॉलेज त्यांच्यापर्यंत चालत जायचं, त्यांना आत यायची वेळ कधी आली नव्हती. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, ते छापलेलं बदलता येतं का?” मी अंकाची प्रत घेतली आणि त्यांना मानसशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे घेऊन गेले.

सरांनी उठून हात मिळवला. “या, या! प्रत्यक्ष उत्तरदाता! बसा.” खुर्च्यांवर असाइनमेंटचे गठ्ठे होते, त्यामुळे बसायचं राहूनच गेलं.

“सर, त्यात मी मुलीबद्दल बोललोय ते खरं नाही. माझी मुलगी चांगली आहे. तेवढं दुरुस्त करा.”

“असं नसतं ते,” सर समजुतीने म्हणाले. “तुम्ही उत्तर दिलंत की ते तुमचं राहत नाही. तो डेटा होतो.”

“मग माझी मुलगी पण डेटा का?”

“दुय्यम स्वरूपाचा.”

“पण सर, मी खोटं बोललो हो. सरळ सरळ थापा मारल्या.”

सर खुर्चीत ताठ झाले. मला वाटलं आता चिडणार. पण त्यांचा चेहरा असा खुलला जसा पगारवाढीच्या बातमीने खुलतो. “म्हणजे जाणीवपूर्वक? कल्पित एकाकीपणा? अहो, यावर आपल्याकडे काही कामच झालेलं नाही! तुम्ही गुरुवारी मोकळे आहात का?”

तेवढ्यात चष्मेवाली आली. तिला कुणीतरी बोलावलं होतं. सगळं ऐकून तिचा चेहरा पडला. “काका, तुम्ही रडला होतात.”

“तू रडायला लागलीस म्हणून रडलो.”

“पण मी तुम्ही रडलात म्हणून रडले!”

सर हे भराभर टिपून घेत होते.

मी लेखाच्या शेवटच्या पानावर छापलेली प्रश्नावली उघडली आणि त्यातला एक प्रश्न मोठ्याने वाचला. ‘तुमची मुले तुमच्याकडे दुर्लक्ष करतात तेव्हा तुम्हाला कसे वाटते? अ, फार वाईट. ब, वाईट. क, सवय झाली आहे.’

“दुर्लक्ष करत नाहीत, असं म्हणायचं असेल तर कुठे खूण करायची?” मी विचारलं.

चष्मेवालीने अंक हातात घेतला आणि तिचेच प्रश्न पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत राहिली. सर म्हणाले की ही प्रश्नावली मान्यताप्राप्त आहे, ती वरून आली आहे, आणि दुर्लक्ष होत नसेल तर तो माणूस मुळात या अभ्यासाच्या कक्षेतच येत नाही. शुद्धिपत्राचं विचारलं तर ते पुढच्या वर्षीच्या अंकात छापता येईल, जागा उरली तर. आम्ही निघालो तेव्हा सर दारापर्यंत आले. “गुरुवारचं लक्षात ठेवा हं!”

काका गुरुवारी मुलीच्या गावच्या बसमध्ये बसले. काकूंनी बरोबर यायला साफ नकार दिला. “विषय तुमचा, सादर तुम्ही करा,” म्हणाल्या. पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि काकूंनी मुलीकडून ऐकून पुन्हा सांगितलं. दोघांचं जुळलं, जे या घरात फारसं होत नसे, म्हणून मी ते खरं धरते.

मुलीने दार उघडलं, ‘या’ म्हणाली, पाण्याचा पेला पुढे ठेवला. वीज मंडळाच्या माणसाशी वागावं तसं व्यवस्थित वागली. जावयाला अचानक दुकानातून काहीतरी आणायचं आठवलं आणि तो चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

काका बोलायला लागले. पोरांचं भलं, बिचारी रडत होती, प्रश्नच तसे होते, आणि छापतील असं कुठे वाटलं होतं. मुलीने ऐकून घेतलं. मग उठली आणि आतून अंक घेऊन आली.

“सासूबाईंनी मला विचारलं, तू घरी फोन करत नाहीस का गं. सगळ्यांसमोर. मी दर रविवारी त्यांच्याच शेजारी बसून तुमच्याशी बोलते, बाबा. त्यांना वाटलं मी नाटक करते.”

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“बघू,” तिने शेवटचं पान उघडलं. “यांनी विचारलेलं मीही विचारते. नीट सांगा. मुलगी किती वेळा फोन करते?”

“अगं, असं काय...”

“किती वेळा?”

“दर रविवारी.”

“किती वेळ बोलते?”

“तू घाईत असतेस. पण बोलतेस.”

“काय बोलणं होतं?”

काका आठवायला लागले. “तू विचारतेस बरे आहात ना. मी म्हणतो बरा आहे. मग तू विचारतेस जेवलात का. मग हवेचं. मग आईला देतो.”

पानाकडेच बघत तिने पुढचा प्रश्न वाचला. “एकटं वाटतं का?”

सर्व विभागांना उत्तरं पुरवलेला हा माणूस. त्याला पुराचं पाणी दारात कुठवर आलं होतं ते सांगता यायचं, न जन्मलेल्या मुलाचा विमानतळावरचा निरोप सांगता यायचा. आता तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

“फोन ठेवला की तुझी आई उठून आत जाते,” शेवटी काका म्हणाले. “मी तिथेच बसतो. तेवढा वेळ वाटतं. मग नाही वाटत.”

“मग त्या मुलीला एवढंच का नाही सांगितलंत?”

“हे एका ओळीत संपतं गं. तिला वीस पानं हवी होती.”

मुलीला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “माझ्याकडे काही पानांची अट नव्हती.” मग ती रडली आणि काकाही रडले, आणि या वेळी आधी कोण रडलं याची चौकशी कुणी केली नाही. जावई बाहेर कुंपणाशी उभा होता, त्याला हाक मारून आत घेतलं. तो साबणाच्या वड्या घेऊन आला होता. घरात आधीच ढीगभर होत्या.

सासूबाईंसमोर मात्र काकांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ती शिक्षा मुलीने ठरवली होती आणि त्यात सूट नव्हती. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे तो पळून गेलेला चुलताही नव्हताच?” भाचीने कॉलेजातून बाकीचंही आणून पुरवलं होतं तर. चुलत्याबद्दल त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

परत आल्यावर काकांनी पायरीवर पहिल्यांदा काय केलं, तर कागद घेऊन आलेल्या प्रत्येकाला खरं सांगायला सुरुवात केली. समस्या? नाही. ताण? नाही. व्यवसाय? चाललाय. मुलं दोन प्रश्नांतच घड्याळ बघायला लागायची आणि निघून जायची. महिन्याभरात रांग मोडली. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने चेनकाका वारले म्हणायला हरकत नाही. शटरवरच्या बॅगा मात्र हळूहळू कमी झाल्या, आणि आकडे दिसायला लागले.

चष्मेवाली एकदा फाइल न घेता आली. बराच वेळ बसली होती. नंतर तिने असाइनमेंट नव्याने लिहून दिली, ती माझ्या कपाटात आली तेव्हा मी बघितली. चार पानं. काका मुलीच्या घरी जे एका ओळीत म्हणाले होते ते त्यात होतं, आणि प्रश्नावलीत काय चुकलं ते तिने स्वतःच्या नावावर घेऊन लिहिलं होतं. खाली सरांचा शेरा होता: ‘पृष्ठसंख्या अपुरी. विश्लेषणाचा अभाव.’ गुण आधीच्या निम्मे. ती गुणपत्रक घेऊन माझ्या खिडकीशी आली, तेव्हा मी तिला म्हटलं, कपाटातलं मी वाचलेलं हे पहिलंच, ज्यात माणूस सापडला. तिला ते पटलं असेल, पण गुण काही वाढले नाहीत.

सरांनी ‘कल्पित एकाकीपणा’वर परिषदेत निबंध वाचला. उत्तरदाता न मिळाल्याने तो पूर्णपणे संदर्भग्रंथांवर आधारित होता, त्यामुळे फारच गाजला. समाजशास्त्राच्या बाईंनी पुढच्या वर्षीपासून क्षेत्रकार्य मोबाइलवर नेलं. मुलं फॉर्म एकमेकांना पाठवतात, एकमेकांसाठी भरतात आणि समाजाला उन्हातान्हात त्रास होत नाही.

परवा मी छत्रीच्या पिशवीची चेन घेऊन गेले होते. काका जरा थकलेले वाटले. म्हटलं, बरं नाही का?

“काल मुलीशी जोरदार भांडण झालं फोनवर,” ते म्हणाले. “आमच्या पंख्याचा आवाज तिला तिकडे ऐकू येतो, म्हणे बदला. मी म्हटलं, चांगला चाललाय. ती म्हणते, चांगला चालला असता तर असा आवाज आला असता का? मी म्हटलं, तुला काय कळतं पंख्यातलं? तिने फोन आपटला.”

“मग?”

“मग काय, थोड्या वेळाने परत केला. राहिलेलं भांडायला.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “काल काय रविवार होता का सांगा!”